रोजच एकादशी

मायच्या उपवासांचा हिशेब मी एकदा कॅलेंडर समोर ठेवून मांडला होता. वर्षाच्या २४ एकादश्या, ५२ सोमवार, १२ संकष्ट्या, नवरात्राचे ९ दिवस, वर महाशिवरात्र आणि हरतालिका. काही एकमेकांवर पडतात ते वजा केले तरी नव्वदच्या आसपास दिवस होतात. म्हणजे वर्षातला दर चौथा दिवस माय उपाशी. सोमवार औंढ्याच्या नागनाथाचा, एकादशी पंढरीच्या विठोबाची. नामदेव महाराजांची नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, त्यामुळे गळ्यात माळ असणं आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. माय लग्नाआधीच माळकरी झाली होती आणि ऐंशीच्या घरात येईपर्यंत तिच्या उपवासात खाडा पडला नाही.

आठ वर्षांपूर्वी तिला विसर पडायला लागला. आधी डब्यांची झाकणं, मग माणसांची नावं, मग वार. मी वसमत तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस, डॉक्टर नाही. मायजवळ बसून जे पाहिलं, तिच्यासाठी जे वाचलं आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतलं, ते इथे लिहितो.

१. उपवास किती केले यापेक्षा उपवासात काय खाल्लं, ते आधी पाहायला हवं होतं.

माझ्या लहानपणी एकादशीला घरात चूल एकदाच पेटायची. दुपार कलल्यावर माय भाजलेलं रताळं, मूठभर शेंगदाणे आणि फुलपात्रभर ताक घ्यायची. भगर असली तर असली. दशमीच्या रात्री जेवलेली बाई द्वादशीला तुळशीला पाणी घालून मगच भाकरीला हात लावायची. मधल्या तासांत शेतात निंदणी, पाणी भरणं, सगळं चालू.

पुढे घरात चार पैसे आले आणि एकादशीचं ताट भरत गेलं. सकाळी साबुदाण्याची उसळ, तिच्यात बटाटा, वर साखर. दुपारी बटाट्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. चार वेळा गोड चहा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आमच्या स्वयंपाकघरात शब्दशः खरी झाली होती, आणि ती खरी करणारे आम्हीच होतो. मायवर माया म्हणून आम्ही तिला आग्रह करत होतो. साबुदाणा म्हणजे दक्षिणेकडच्या एका कंदाचा गाळलेला स्टार्च. त्यात प्रथिनं नाहीत म्हटलं तरी चालेल, चोथा नाही, आणि रक्तात साखर चढवायला त्याला वेळ लागत नाही. माझ्या मायला मधुमेह. तिच्या साखरेच्या वहीत सगळ्यात मोठे आकडे एकादशीचे होते, हे मला फार उशिरा दिसलं.

यामागचं शरीराचं गणित समजून घेतल्यावर मला त्या जुन्या एकादशीची खरी किंमत कळली. जेवणातली साखर यकृतात साठते. तो साठा संपायला साधारण बारा तास तरी लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. तो संपला की शरीर चरबीकडे वळतं आणि यकृत त्या चरबीतून कीटोन नावाचं इंधन तयार करतं. मेंदूचं वजन शरीराच्या शंभरात दोन भाग, पण शरीराच्या एकूण इंधनातले वीस भाग एकटा मेंदू खातो. त्या मेंदूला हे दुसरं इंधन चालतं, मानवतं. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ मार्क मॅटसन यांनी आयुष्यभर याच बदलाचा अभ्यास केला. रफाएल द काबो यांच्याबरोबरचा त्यांचा मोठा लेख २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात हा इंधनपालट हाच उपवासाचा गाभा मानला आहे. आता सकाळी नऊला उसळ खाल्लेल्या माणसाच्या शरीरात हा पालट व्हायचा कधी? माझ्या लहानपणच्या मायच्या शरीरात तो महिन्यातून अनेकदा होत असणार. साठीनंतरच्या मायच्या शरीरात तो होऊच दिला नाही आम्ही.

२. उपाशीपोटी साखरेची गोळी घेऊ नये, आणि ती कशी घ्यायची हे उपवासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारावं.

आषाढातली गोष्ट. मोठी एकादशी म्हणून मायनं उसळसुद्धा नको म्हटलं. गोळ्या मात्र रोजच्या नेमानं सकाळीच घेतल्या, कारण गोळी चुकवायची नाही असं आम्हीच तिला बजावलं होतं. दुपारी बाराच्या सुमारास ती ओसरीवर बसल्या बसल्या घामानं भिजली. जीभ जड झाली. मला ओळखेना. शेजारची म्हातारी म्हणाली, “वारं गेलं वाटते अंगावरून.” आम्हालाही तेच वाटलं. गाडी बोलवायला धावलो. तेवढ्यात माझ्या पुतण्यानं घरातल्या यंत्रावर तिची साखर तपासली. ४१ निघाली. साखरेचं पाणी चमच्यानं पाजलं आणि पंधरा मिनिटांत मायनं विचारलं, “पालखी कुठवर आली?”

माय वाचली, पण त्या पंधरा मिनिटांत तिचा मेंदू अक्षरशः उपाशी होता. साखर घटवणाऱ्या गोळीमुळे इंधन संपतं आणि कीटोनची सोय व्हायला वेळ मिळत नाही. कॅलिफोर्नियात १६,६६७ वयस्क मधुमेही लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. त्यात साखर घसरून दवाखान्यात जावं लागलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त दिसला. हा अभ्यास २००९ सालचा. मायच्या गोळ्यांच्या डबीवर मी आता लाल शाईनं लिहून ठेवलं आहे: जेवण नाही तर विचारल्याशिवाय गोळी नाही. प्रत्येक गोळीचा नियम वेगळा असतो. रक्तदाबाची किंवा फिटची गोळी उपवास म्हणून कधीच चुकवायची नसते. माझ्या एका विद्यार्थ्यानं नवरात्राच्या जागरणात फिटची गोळी दोन दिवस घेतली नाही आणि तिसऱ्या दिवशी तो विहिरीजवळ आकडी येऊन पडला. काठावर माणसं होती म्हणून निभावलं.

३. “वयानं होतंच” हे उत्तर रक्त तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

माझा सगळ्यात मोठा पश्चात्ताप इथे आहे. विसर पडायच्या वर्षभर आधीपासून माय म्हणत होती की पायाला मुंग्या येतात, पायात चप्पल आहे की निसटली ते कळत नाही. अंधारात चालताना भिंत धरायची. आम्ही एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वयावर घातलं आणि आम्ही ते ऐकलं, कारण ‘साठी बुद्धी नाठी’ आपल्या कानांत आधीपासून बसलेली असते. दोन वर्षांनी नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: “आजी मांस-मच्छी-अंडी खातात का?” जन्मात नाही. “दूध?” चहापुरतं. “मधुमेहाची मेटफॉर्मिन किती वर्षं?” चौदा. त्यांनी लगेच ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी लिहून दिली. आकडा तळाला गेलेला होता.

ब-१२ वनस्पतींत मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळतं. मेटफॉर्मिन ते नीट शोषू देत नाही आणि म्हातारपणी पोटातलं आम्ल घटतं, त्यानंही शोषण कमी होतं. मायच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. हे जीवनसत्त्व नसेल तर नसांवरचं वेष्टण झिजतं आणि रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक साठतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्के लोकांत ब-१२ कमी निघालं. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ऑक्सफर्डला विसराळूपणाची सुरुवात झालेल्या १६८ वृद्धांवर दोन वर्षांची चाचणी झाली. ब गटातली जीवनसत्त्वं घेणाऱ्यांचा मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी मंदावला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन जास्त होतं त्यांना फायदा अधिक झाला. ते निष्कर्ष २०१० साली आले.

मायला इंजेक्शनं सुरू केली. सहा महिन्यांत मुंग्या गेल्या, चाल सुधारली, ती पुन्हा एकटी तुळशीपर्यंत जायला लागली. विसर थोडा मागे हटला, पण गेला नाही. दोन वर्षं आधी तपासलं असतं तर किती वाचलं असतं, हा विचार अजून रात्री मला झोपू देत नाही. गळ्यात माळ असलेल्या, साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला मी आता हात धरून सांगतो: वर्षातून एकदा ब-१२ तपासा. इंजेक्शन घेतल्यानं माळ तुटत नाही.

४. उंदरावर जे सिद्ध झालं ते मायवर सिद्ध झालं असं समजू नये.

उपवासात पेशी आपल्याच मोडक्या भागांची साफसफाई करतात, हे खरं आहे. या साफसफाईची यंत्रणा उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं, पण त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं. उपाशी ठेवलेल्या उंदरांचा मेंदू तल्लख राहतो, हेही अनेक प्रयोगशाळांत दिसलं. माणसांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि लहान आहेत. मॅटसन आणि सहकाऱ्यांची २०२४ साली आलेली चाचणी ४० जणांची, ८ आठवड्यांची. एका गटानं आठवड्यातले दोन दिवस अगदी कमी खाल्लं, दुसऱ्यानं रोज नीट समतोल खाल्लं. दोन्ही गटांना फायदा झाला, उपवासवाल्यांना काही बाबतींत थोडा जास्त. नीट खाणाऱ्यांनाही फायदा झाला, हे मला जास्त मोलाचं वाटलं.

आहाराचंही तसंच. पालेभाज्या, कडधान्यं, दाणे, कमी तूप-गोड असा मेंदूसाठी बेतलेला एक आहार शिकागोच्या मार्था मॉरिस यांनी २०१५ साली मांडला, आणि तो पाळणाऱ्यांत अल्झायमर बराच कमी दिसला. पुढे ६०४ लोकांवर तीन वर्षं रीतसर चाचणी झाली. तिचा निकाल २०२३ साली आला, आणि नुसतं थोडं कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत त्या आहाराचा वेगळा फरक दिसला नाही. लॅन्सेटच्या समितीनं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, कमी दिसणं, एकटेपणा, शाळा न मिळणं आहे. उपवासाचं नाव तिथे नाही. माझ्या मायला शाळा मिळाली नव्हती, दहा वर्षं कानानं कमी ऐकू येत होतं आणि श्रवणयंत्र आम्ही ‘कशाला आता’ म्हणून घेतलं नव्हतं.

५. हळद आपली आहे म्हणून तिच्यावर नको ते ओझं टाकू नये.

हे लिहिताना मला जड जातं. आमचं घर हळदीवर उभं राहिलं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते, मीही वाटले. मायचा आजार कळल्यावर मला पहिल्यांदा हळदच आठवली. दिल्लीजवळच्या बल्लभगडला अल्झायमर कमी आढळतो आणि भारतीय हळद खातात, असं कुठेतरी वाचलं आणि मायला रोज दोन वेळा चमचाभर हळद दुधातून सुरू केली. वर्षभर दिली. तिचं पोट बिघडलं, आणि विसर आपल्या गतीनं वाढत राहिला.

हळदीत कर्क्युमिन असतं शंभरात साधारण तीन भाग. त्यातलंही आतड्यातून रक्तात फारसं पोचत नाही, पोचलं तर यकृत लगेच मोडून टाकतं. काळ्या मिरीनं शोषण वाढतं हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं, पण रक्तात जाणं वेगळं आणि आजार हटणं वेगळं. हाँगकाँगमध्ये २००८ साली ३४ रुग्णांवर आणि कॅलिफोर्नियात २०१२ साली ३६ रुग्णांवर कर्क्युमिनच्या चाचण्या झाल्या. अल्झायमर झालेल्यांना गुण आला नाही. आजार न झालेल्या ४० जणांवर २०१८ साली आलेल्या एका चाचणीत, खास तयार केलेल्या कर्क्युमिननं दीड वर्षात स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. ती आशा मी धरून आहे, पण ती वरणातल्या चिमटीची नाही.

एक गोष्ट मात्र हळद विकत घेणाऱ्यानं ऐकावीच. बांगलादेशात हळकुंडांना चमक आणायला लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग लावत असल्याचं २०१९ साली उघड झालं. त्यात शिसं असतं, आणि शिसं मेंदूचं विष आहे, लहान लेकरांच्या तर फारच. फार भडक पिवळी पूड घेऊ नका. हळकुंड घ्या, घरी फोडा, ओळखीच्या गिरणीत दळा.

फाल्गुनात आमच्याकडे हळद शिजवतात. गेल्या वर्षी मायला खुर्चीवर बसवून शेतात नेलं. शिजवणाऱ्या पोरांना कळेना, अजून किती वेळ ठेवायची. मायनं जमिनीवरची एक काडी उचलली, वाफाळलेलं हळकुंड मागून घेतलं, काडी टोचली. अर्ध्यात अडली. “अजून घटकाभर,” ती म्हणाली. घटकाभरानं पुन्हा टोचली, काडी आरपार गेली आणि तिनं हात हलवून खुणावलं, काढा. त्या दिवशी सकाळी तिला माझं नाव आठवत नव्हतं.

६. भगर जुनी, उघडी, दळलेली घेऊ नये.

दर नवरात्रात, दर मोठ्या एकादशीला मराठवाड्यात कुठे ना कुठे भगरीतून विषबाधा होते. भगरीला अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी लागते, तिची विषं पोटाबरोबर मज्जासंस्थेवरही जातात. मळमळ, चक्कर, हातापायांना कंप. पीठ ओलावा धरतं, म्हणून बंद पाकिटातली भगर आणून निवडून, धुऊन घरीच दळावी.

७. कंपवाताची गोळी आणि डाळीचं वरण एका वेळी नको.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त तलाठी काकांना कंपवात आहे. सकाळी गोळी लागू पडायची, दुपारची पडायची नाही. कारण दुपारी ते गोळी वरण-भातासोबत घ्यायचे. लेव्होडोपा हे औषध आणि प्रथिनांतले घटक आतड्यात एकाच दारातून आत जातात आणि दाराशी गर्दी होते. जेवणाच्या अर्धा तास आधी गोळी घ्यायला लागल्यापासून त्यांची दुपार मोकळी झाली. डाळ सोडायची गरज पडली नाही.

८. म्हातारपणी निर्जळ राहू नये.

आमच्याकडे वैशाख-ज्येष्ठात ऊन चाळिशी ओलांडतं. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही. निर्जळा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माय भिंतीवरच्या कुणाशी तरी बोलत होती. आम्ही घाबरलो, आजार एकदम वाढला असं वाटलं. सलाईन लावल्यावर संध्याकाळी ती पहिल्यासारखी झाली.

९. ताट परत आणायचं असेल तर लांब जायची गरज नाही.

अक्रोड, ऑलिव्हचं तेल, असल्या याद्या वाचून मी आधी हिंगोलीच्या दुकानांत फिरलो. मग एकदा मायनंच, नेमक्या शहाण्या क्षणी, विचारलं, “जवसाची चटणी काहून करत नाईत आता?” तिच्या तरुणपणी ताटात ज्वारीची भाकर, करडईचं घाण्याचं तेल, अंबाडी, चुका, तांदुळजा, घोळ, हरभऱ्याची कोवळी भाजी, जवस आणि कारळाची चटणी असायची. अक्रोडात जे ओमेगा-३ आहे तेच जवसात आहे. शेतात सोयाबीन आलं, करडई गेली, ज्वारी कमी झाली आणि घरात पाकिटातलं तेल आलं. आम्ही आता बांधावर दोन ओळी जवस आणि चार ओळी करडई पेरतो. मायसाठी नाही, तिला उशीर झाला. माझ्या लेकासुनेसाठी.

१०. ज्याला विसर पडला त्याचा उपवास सोडवावा.

दोन वर्षांपासून मायला रोजच एकादशी आहे. वार गेले, तिथ्या गेल्या, फक्त ती एक उरली. ताट समोर आलं की म्हणते, “आज एकादस हाय. मी नाई खात.” सुरुवातीला आम्ही कॅलेंडर दाखवायचो, वाद घालायचो. ती चिडायची, ताट सारायची, रडायची. साठ वर्षं पाळलेलं व्रत पोरं मोडायला निघालीत, एवढंच तिला कळायचं. वर्षभरात वजन ५२ किलोवरून ४३ वर आलं. डॉक्टर म्हणाले, या टप्प्यावर पथ्य नाही, उपवास नाही, साखरेचंही फार कडक नको. जे आवडेल ते पोटात जाऊ द्या. स्मृतिभ्रंशात वजन घटणं हाच मोठा धोका असतो.

मार्ग माझ्या नातीनं काढला. ती नऊ वर्षांची आहे. तिनं तुळशीचं एक पान तोडलं, आजीच्या भाकरीवर ठेवलं आणि म्हणाली, “आज्जी, बारस हाय आज. उपास सोडायचा.” मायनं पानाकडे पाहिलं. हात जोडले. ताटाभोवती पाणी फिरवलं आणि जेवायला लागली. तेव्हापासून आमच्या घरात दोन्ही वेळा बारस असते. वजन ४६ वर आलं आहे.

परवा खरीच एकादशी होती. मला आणि पत्नीला उपवास. मायसाठी भाकर आणि तांदुळज्याची भाजी केली, वर पान ठेवलं, नेहमीसारखं सांगितलं. ती चार घास जेवली, मग थांबली. माझ्यासमोर ताट नव्हतं हे तिनं पाहिलं. भाकरीचा अर्धा भाग मोडून माझ्यापुढे धरला.

“तू बी सोड की,” ती म्हणाली, “बारस हाय.”

मी तो घेतला आणि खाल्ला.